खोली कुणाबरोबर, हे आधी विचारा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणाचे मेळावे बडोद्यात हंगामागणिक भरतात. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात: फी किती, व्हिसा मिळेल का, पुढे नोकरी लागेल का. मुलगा किंवा मुलगी तिथे कुणाबरोबर राहणार, हे कुणी विचारत नाही. कारण उत्तर घरीच ठरलेले असते: आपल्याकडची चार मुले, एक फ्लॅट, शाकाहारी स्वयंपाकघर. जग पाहायला पाठवायचे आणि वारसिया रोडच्या सोसायटीत ठेवायचे, असा हा प्रकार.

जर्मनीचेच पाहू. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाची रक्कम (२०२५ साली ११,९०४ युरो), आरोग्य विमा, हे सगळे सल्लागार चोख करून देतात. अडते ते घरापाशी. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. विद्यार्थी वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे श्टुडिएरेंडनवेर्ककडे, मोठ्या शहरांत महिनोन् महिन्यांची प्रतीक्षायादी असते. प्रवेशपत्र हाती आल्यावर, ऑगस्टमध्ये शोधाशोध सुरू केली, तर उरतो तो ओळखीतल्या मुलांचा फ्लॅट. म्हणून विद्यापीठाच्या अर्जाबरोबरच त्या शहरातल्या वसतिगृहाचे नियम पाहावेत. काही ठिकाणी प्रवेश पक्का होण्याआधीच यादीत नाव घालता येते.

दुसरी अडचण भाषेची. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मन टाळली जाते. वर्गात चालून जाते, पण स्वयंपाकघरात नाही, आणि माणसे कळतात ती स्वयंपाकघरात. बी१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा येईपर्यंत, ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. शनिवार-रविवारच्या क्लासला वर्ष सहज जाते, तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच सुरुवात हवी. घरात मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी अशा वळणात वाढलेल्या आपल्या मुलांना चौथी-पाचवी भाषा जड जाऊ नये.

सामायिक घराला तिथे 'वेगे' म्हणतात. आधी राहणारे लोक नव्याची छोटी मुलाखत घेतात. 'मी शांत आहे, अभ्यासू आहे' एवढ्यावर खोली मिळत नाही. सफाईची पाळी पाळाल का, कधीतरी सगळ्यांसाठी जेवण कराल का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. भांडणे मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत, ती कचऱ्यावरून होतात: कागद, जैविक, वेष्टने आणि उरलेला, असे साधारणपणे वेगळे डबे असतात. रात्री दहानंतर मिक्सर किंवा मोठ्या आवाजातला व्हिडिओ कॉल चालत नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून कुकर आणि फोडणी केली तर ओल धरते, भिंतीला बुरशी येते आणि दुरुस्तीचा खर्च अनामत रकमेतून कापला जाऊ शकतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या. शाकाहाराचे म्हणाल तर आपला तवा, आपली कढई आणि फ्रिजचा एक कप्पा वेगळा ठेवावा, आणि ते मुलाखतीतच सांगावे. शाकाहारी जर्मन तरुण आता दुर्मीळ नाहीत.

घराप्रमाणे अभ्यासातही चौकट सोडावी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले आणि फ्रेंच-जर्मनचे प्राथमिक वर्गही. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला होता. आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घेण्याची सोय आजही अनेक विद्यापीठांत असते; पहिल्याच सत्रात ती चौकशी करावी. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर जरूर.

मेळावा भरवणाऱ्यांना एक विनंती: घर आणि भाडेकराराची माहिती देणारे एक टेबल ठेवा. फसवणूक नेमकी इथेच होते. 'मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी टपालाने येईल' असे म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नये. जर्मन कायद्यानुसार अनामत रक्कम हीटिंग-पाण्यासारखे जोडखर्च वगळून धरलेल्या तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे