हातचं जाईल ही भीती

शुगरलँड, टेक्सस
23 नोव्हेंबर 2025

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काकूंची अँजिओप्लास्टी नीट पार पडली हे वाचून जीव भांड्यात पडला. जन आरोग्य योजनेत सगळं बसलं, खिशाला फारशी झळ लागली नाही, हेही बरं झालं. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "एवढा श्रीमंत देश, आणि आरोग्य विम्यावरून सरकारच दीड महिना बंद? हे काय प्रकरण आहे?" उत्तर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून आज निवांत बसलोय. शिवाय तुझ्या सोळा वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. तेही आज देऊन टाकतो.

बाबा आजारी होते तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "सहा महिने सगळं सोडून ये. नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील." मी गप्प बसलो होतो. तुला वाटलं असणार, याला पैसा सुटत नाही. खरं कारण वेगळं होतं. 2008च्या ऑक्टोबरमध्ये माझी नोकरी गेली आणि आठवड्याभरात घरी एक पाकीट आलं. जुन्या कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवता येईल, पण कंपनी भरत होती तो वाटाही आता मीच भरायचा. तिघांचे मिळून महिन्याला अकराशे डॉलर, आणि घरात पगार शून्य. बाहेर स्वतंत्र विमा घ्यायला गेलो, तर अर्जात मुलीचा दमा लिहावा लागला आणि नकार आला. आधीपासूनचा आजार असेल तर विमा नाकारायची कंपन्यांना तेव्हा मुभा होती. चार वर्षांची पोर रात्री धापा टाकायची आणि मी शिलकीतले हप्ते मोजायचो. पाचव्या महिन्यात समोर आली ती नोकरी घेतली, आणि ती सोडायची छाती पुढे कितीतरी वर्षं झाली नाही. बाबा गेले तेव्हा मी तिथं नव्हतो, ते यामुळे.

विमा नोकरीला बांधलेला आहे, ही इथली मूळ गाठ आहे, आणि ती कुणी विचार करून मारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, महागाई आवरायला सरकारनं पगारवाढीवर बंधनं घातली. माणसं टिकवायची तर कंपन्यांनी दुसरं काय द्यायचं? त्यांनी विमा दिला, कारण तो पगारात धरला जात नव्हता. पुढे त्यावर करही नाही असं ठरलं आणि युद्धातली सोय कायमची झाली. आज साधारण 16 कोटी लोकांचा विमा असा नोकरीतून येतो. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 1945 मध्येच सगळ्यांसाठी राष्ट्रीय विमा मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला समाजवादी वैद्यक ठरवून इतका विरोध केला की तो बारगळला. 1965 मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी जाऊन कायद्यावर सही करून आले.

मधल्या माणसाचं काय, हा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला. इतकी वर्षं हे भांडण बघून मला एक गोष्ट पटलीये. इथं हा प्रश्न भीतीवर अडतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या गरजेपेक्षा, ज्याच्याकडे थोडंफार आहे त्याची 'हातचं जाईल' ही भीती जास्त ताकदवान ठरते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सगळ्यांना विमा द्यायची योजना 1994 मध्ये याच भीतीनं बुडाली. स्वयंपाकाच्या टेबलाशी बसलेलं एक जोडपं आपल्या विम्याची काळजी करतंय, अशी विमा कंपन्यांची जाहिरात तेव्हा घरोघरी दिसली होती.

आपला आरोग्य विम्याचा कायदा आणताना ओबामांनी तो धडा घेतला होता. म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तुमचा आहे तो विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील. ते सर्वस्वी खरं नव्हतं. 2013च्या शेवटाला लाखो लोकांना, पॉलिसी नव्या कायद्याच्या अटींत बसत नाही म्हणून रद्द झाल्याची पत्रं आली. माझा शेजारी छपरं दुरुस्त करण्याचा धंदा करतो, त्यालाही आलं. त्याची स्वस्तातली पॉलिसी गेली आणि नव्या पॉलिसीचा हप्ता जवळपास दुप्पट झाला. तो अजून रिपब्लिकन पक्षाला मत देतो, आणि त्याच्या रागाला मी खोटं म्हणू शकत नाही. पण त्याच कायद्यानं, 2010 साली 219 विरुद्ध 212 मतांनी कसाबसा पार झालेल्या कायद्यानं, आजारावरून विमा नाकारणं बंद केलं. माझ्या मुलीच्या दम्याबद्दल आता कुणाला विचारता येत नाही. हे मी कधी विसरणार नाही.

2017 मध्ये रिपब्लिकनांनी हा कायदा मोडायला घेतला तेव्हा तीच भीती उलटी फिरली. आता लोकांच्या हातात काहीतरी होतं. 28 जुलैची ती मध्यरात्र मी टीव्हीसमोर काढली. मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेले जॉन मॅकेन सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आले, त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा खाली. 49 विरुद्ध 51, कायदा वाचला. माणूस रिपब्लिकन, ओबामांविरुद्ध निवडणूक लढलेला. मी एकटाच हॉलमध्ये उभा राहिलो होतो.

आता आमच्या टेक्ससचं ऐक. ह्यूस्टनचं मेडिकल सेंटर जगातलं सर्वांत मोठं समजतात, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त याच राज्यात. ओबामांच्या कायद्यानुसार अगदी गरिबांना मेडिकेड मिळायचं होतं आणि त्यांच्यावरच्या उत्पन्नाला हप्त्यासाठी अनुदान. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की मेडिकेड वाढवायची सक्ती राज्यांवर करता येणार नाही. 40 राज्यांनी वाढवलं, टेक्ससनं नाही. आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक बाई येतात. मुलं मोठी झालेली, वर्षाची कमाई तेराएक हजार डॉलर. एकट्या माणसाला अनुदान सुरू होतं 15,650 डॉलरपासून. म्हणजे त्या इतक्या गरीब आहेत की त्यांना मदत मिळत नाही! त्यांना मधुमेह आहे. अगदीच जिवावर आलं तर इमर्जन्सीत कुणाला परत पाठवता येत नाही, तसा 1986 पासून कायदा आहे. पण रोजच्या गोळ्यांसाठी कुणी इमर्जन्सीत जात नाही रे.

आणि आता तुझा प्रश्न. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, ही अनुदानं वाढवली. ती या डिसेंबरअखेर संपतात. डेमोक्रॅट म्हणाले, मुदत वाढवा, नाहीतर सरकारी खर्चाला मंजुरी नाही. रिपब्लिकन म्हणाले, कोविड संपला, तात्पुरती मदत कायमची कशी करता, आणि हा पैसा शेवटी विमा कंपन्यांच्याच घरात जातो. या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यावर त्यांच्याकडे दुसरी योजना दिसत नाही. खर्चाला मंजुरीच नाही, म्हणून 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकार बंद होतं. हाती लागलं ते इतकंच, की डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान घेऊ.

इथल्या पाटणकर काका-काकूंचा पोळी-भाजीचा धंदा आहे. दोघं साठीचे, मेडिकेअरला अजून चारपाच वर्षं अवकाश. उत्पन्न 88,000 डॉलर, आज हप्ता सव्वासहाशेच्या आसपास. जानेवारीपासून दोन माणसांच्या घराला अनुदानाची मर्यादा 84,600 डॉलर. त्याच्या वर एक डॉलर जरी गेला तरी काहीच नाही, आणि मग हप्ता महिन्याला बावीसशे. काकू परवा म्हणाल्या, "मी विमा सोडते, यांचा तेवढा ठेवू." काकूंना ब्लडप्रेशर आहे. मी रात्रभर झोपलो नाही.

मग सकाळी एक वाट सुचली. निवृत्तीच्या खात्यात वर्षभरात साडेतीन हजार डॉलर टाकले, तर हिशेबातलं उत्पन्न मर्यादेच्या खाली येतं आणि हप्ता सातशेच्या आसपास राहू शकतो. जानेवारीपासून विमा हवा तर 15 डिसेंबरच्या आत अर्ज जायला हवा. आज दुपारी दोघं कागदपत्रं घेऊन येणार आहेत. काकू पुरणपोळ्या आणतेय म्हणाल्या, मी म्हटलं आधी गेल्या वर्षीचे टॅक्सचे कागद आणा.

बेल वाजली बघ. तिकडच्या काकूंना म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या, आणि मार्चमध्ये मी येतोय. यावेळी पूर्ण सहा आठवडे.

तुझा,
अविनाश