सूचना : शनिवारची बैठक, आणि बीबीसी टूची फसलेली पहिली संध्याकाळ

सभासदहो, पुन्हा एकदा आठवण. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे.

विषय ठरल्याप्रमाणेच : २० एप्रिल १९६४. त्या संध्याकाळी ७.२० ला लंडनमध्ये बीबीसी टू, म्हणजे बीबीसीची दुसरी टीव्ही वाहिनी, सुरू व्हायची होती. बेत भरगच्च होता. विनोदी कार्यक्रम, आर्काडी रायकिन हा सोव्हिएत विनोदवीर, एक संगीतिका आणि शेवटी साउथएंडहून आतषबाजी. पण बॅटरसी वीजकेंद्राला आग लागली आणि पश्चिम लंडनसह बीबीसीचं मुख्य स्टुडिओ-केंद्र, टेलिव्हिजन सेंटरही अंधारात बुडालं. बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या स्टुडिओत वीज होती, म्हणून वार्ताहर जेराल्ड प्रीस्टलंड तिथून बातम्या सांगत बसले. बाकी सगळं रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पूर्ण कार्यक्रम गेला तो लहान मुलांचा! संध्याकाळी निवेदक डेनिस टुओही अंधाऱ्या स्टुडिओत मेणबत्ती घेऊन दिसले आणि त्यांनी ती फुंकून विझवली. मला तर आतषबाजीपेक्षा हेच आवडतं.

ही वाहिनी ६२५ रेषांची (टीव्हीचं चित्र ज्या आडव्या रेषांनी बनतं त्या), जुने संच ४०५ चे. म्हणजे नवा संच आणि नवा अँटेना घेतल्याशिवाय घरात काहीच दिसणार नव्हतं. ज्यांच्या आईवडिलांनी तो खर्च केला, त्यांनी आठवणी जरूर सांगाव्यात.

हॉलला टीव्ही लायसन्स (ब्रिटनमध्ये थेट टीव्ही बघायला लागणारा परवाना) नाही, त्यामुळे थेट प्रक्षेपण लावायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. गेल्या वेळी प्रोजेक्टरची वायर घरी राहिली होती. या वेळी ती आत्ताच पिशवीत टाकली आहे. चहा मंडळाचा, वडे कोण आणणार ते गुरुवारपर्यंत कळवा.