अर्धा किलो करी कट मागणाऱ्या ताईकडून

दादा, नमस्कार.

रात्री सव्वाआठच्या आसपास, पाठीला लॅपटॉपची बॅग लावून तुमच्या चिकनच्या दुकानात येते ती ताई मी. खरं तर हे सगळं तुम्हाला काउंटरवरच सांगायचं होतं. दोनदा सुरुवातही केली. पण माझ्यामागे चार जण उभे असतात, तुमचा सुरा चालू असतो, आणि मी 'थँक्यू' म्हटलं की 'त्यात काय ताई' म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या रांगेत माझ्यासारखी आणखी माणसं असतात, 'आता घरी जाऊन काय करू' हाच विचार घेऊन उभी असलेली. शिवाय श्रावण तोंडावर आला. सासूबाई श्रावण पाळतात, म्हणजे मग महिनाभर आपली गाठ नाही.

मार्चमध्ये सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हे तुम्हाला तेव्हा नुसतं 'घरी आजारपण आहे' एवढंच माहीत होतं. तोवर आमच्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा होता. मी हिंजवडीहून कंपनीच्या बसने निघून नवले पुलाशी उतरायचे, रिक्षाने धायरीला पोचायचे, तेव्हा पोळ्या डब्यात आणि भाजी कढईत असायची. बारा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यामागे केवढी मेहनत आहे हे मी कधी मोजलं नव्हतं. नवऱ्याची तेव्हा चाकणला सेकंड शिफ्ट. तो यायचा साडेअकराला. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, दोघांच्या परीक्षा जवळ आलेल्या. आणि आत पलंगावर एक माणूस, ज्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगात प्रोटीन गेलं पाहिजे, चिकन, अंडी, डाळी काय चालेल ते द्या.

म्हणून मी चिकन न्यायला लागले. बुधवार, शुक्रवार, रविवार. प्रत्येक वेळी अर्धा किलो करी कट, कारण सासूबाई तेच आणायला सांगायच्या, आणि मला दुसरं काही मागायचं सुचलंच नव्हतं. घरी गेल्यावर कांदा-खोबरं भाजायचं, वाटण करायचं, रस्सा उकळायचा, भात लावायचा, चार पोळ्या लाटायच्या. जेवायला दहा वाजायचे. मुलगा त्याआधीच सोफ्यावर झोपून गेलेला असायचा. त्याला उठवून भरवताना त्याचे डोळे मिटायचे आणि माझ्या पोटात कालवायचं.

मग एका बुधवारी तुम्ही सुरा हातात तसाच धरून मला विचारलंत, "ताई, आत्ता साडेआठ झाले. हे घरी जाऊन शिजवणार कधी?"

बरेच दिवस मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी तिथेच रडवेली झाले, हे तुम्ही बघितलंत आणि बघितलं नाही असं दाखवलंत. त्याबद्दल आधी आभार. मग तुम्ही करी कट बाजूला सारलंत, मांडीचे तुकडे उचललेत, हाडं सोडवलीत आणि म्हणालात, "आज एकाच पातेल्यात करा. मी सात वर्षं चायनीजची गाडी लावायचो. नूडल्सचं मला विचारा."

तुम्ही सांगितलेलं सगळं मी त्या रात्री रिक्षात बसून फोनमध्ये लिहून घेतलं. आता ते पाठ आहे. तरी इथे लिहिते, कारण ते तुमचं आहे आणि बरोबर लिहिलंय का ते तुम्हाला तपासता यावं.

घरात शिरल्या शिरल्या, चपला काढायच्या आधी, दीड लीटर पाणी दुसऱ्या शेगडीवर उकळायला ठेवायचं. तुमच्या सगळ्या सांगण्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं वाक्य हेच. गार पाणी ओतलं की पातेलं थंड पडतं आणि पुन्हा उकळी यायला दहा मिनिटं जातात, ती दहा मिनिटं तुम्ही मला परत मिळवून दिलीत. पाणी तापेपर्यंत 400 ग्रॅम लेग बोनलेसचे बोटभर तुकडे, त्यांना मिरपूड आणि चमचाभर सोया सॉस. मीठ नाही. सोया सॉसमध्ये मीठ असतंच, बाकीचं शेवटी चव घेऊन. छातीचं नाही, मांडीचंच चिकन, कारण छातीचं मांस दोन मिनिटं जास्त झाली तरी कोरडं पडतं आणि मांडीचं तेवढं सांभाळून घेतं. दमलेल्या माणसानं मांडीचंच घ्यावं, असं तुम्ही म्हणालात.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवायचं, तुकडे पसरून टाकायचे आणि दोन मिनिटं हलवायचे नाहीत. हे मला जमत नव्हतं. हातात झारा असला की हलवावंसं वाटतंच. पण न हलवल्यावर खालच्या बाजूला जो तांबूस रंग येतो आणि बुडाला जे चिकटतं, तीच पुढे सगळ्या सुपाची चव होते. मी इतकी वर्षं तो थर करपला समजून घासून काढत होते. मग ठेचलेलं आलं-लसूण, उभा चिरलेला कांदा, गाजर, फरसबी. एक मिनिट परतून उकळतं पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्यानं बूड खरवडायचं. तो तांबूस थर पाण्यात सुटताना जो वास येतो त्यावरून मुलगी आतल्या खोलीतून विचारते, "आज ते आहे का?" आमच्याकडे त्या पदार्थाचं नावच 'ते' पडलं आहे.

झाकण ठेवून आठ मिनिटं. एक जाड तुकडा मोडून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये. मग 200 ग्रॅम हक्का नूडल्स मोडून आत. कोबी आणि ढोबळी मिरची त्यांच्यासोबतच, आधी नाही, म्हणजे त्यांचा करकरीतपणा राहतो. चार मिनिटांनी गॅस बंद. नूडल्स किंचित कच्च्या वाटत असतानाच बंद, कारण उरलेलं काम गरम सूप करतं. वरून पातीचा कांदा आणि अर्धं लिंबू. गाडीवर तुम्ही व्हिनेगर घालायचात, घरात नसेल तर लिंबू चालतंय म्हणालात. आम्हाला लिंबूच आवडलं.

पहिल्या दिवशी ते बिघडलं, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. नूडल्स घातल्या आणि सासूबाईंनी हाक मारली म्हणून आत गेले. त्यांना कुशीवर वळवून, उशी नीट करून परत आले तोवर पातेल्यात खळ झाली होती. मुलांनी एक शब्द न बोलता खाल्लं. शुक्रवारी मी तुम्हाला नुसतंच विचारलं की नूडल्स जास्त शिजतात, काय करू, आणि तुम्ही माझ्याकडे बघून ओळखलंत. म्हणालात, "नूडल्स टाकायच्या आधी सगळी कामं उरकून घ्या. आजींचं बघून या, ताटं मांडून घ्या, मग टाका. ती चार मिनिटं पातेल्याजवळून हलायचं नाही." तेव्हापासून मी ताटं मांडल्याशिवाय नूडल्सचं पाकीट फोडत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही समजावलीत, जी मला फार मोलाची वाटते. मी विचारलं होतं की गाडीवरच्यासारख्या कोरड्या, धुरकट वासाच्या नूडल्स घरी का होत नाहीत. दुसऱ्या कोणी मसाल्याचं नाव सांगितलं असतं. तुम्ही आच सांगितलीत. गाडीवरच्या भट्टीची ज्योत कढईच्या कडेवर चढते, दुपारीच उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स त्या आचेवर मिनिटभरात परतून होतात. घरच्या शेगडीवर एवढी आच नसते, त्यामुळे भाज्यांना पाणी सुटतं आणि सगळं गिचका होतं. "म्हणून घरी पाण्याशी भांडू नका, पाणीच वापरा," असं म्हणालात. नूडल्स वेगळ्या उकडून पाणी ओतून देण्याऐवजी सुपातच शिजवल्या की त्यांच्यातला स्टार्च सुपात उतरतो, सूप आपोआप दाटसर होतं, कॉर्नफ्लॉवर लागत नाही, आणि नूडल्समध्ये चिकनची चव मुरते. शिवाय घासायला भांडं एकच. आमच्या कामाच्या मावशी सकाळी येतात, पण रात्रीचा ओटा माझाच असतो, त्यामुळे या 'शिवाय'ला माझ्या दृष्टीनं फार किंमत आहे.

धुण्याबद्दलही सांगितलंत. मी चिकन नळाखाली धो धो धुवायचे. तुम्ही म्हणालात, उडालेलं पाणी शेजारच्या कोथिंबिरीवर जातं आणि ती कोथिंबीर आपण कच्ची खातो, घरात आजारी माणूस आहे. धुवायचंच तर पातेल्यात हलक्या हातानं, आणि नंतर सिंक, सुरी, पाट साबणानं. स्वतःचाच माल विकताना एवढं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आता सासूबाईंचं. त्या साताऱ्याकडच्या. नूडल्स म्हणजे पोरांचं खाणं, जेवण म्हणजे भाकरी किंवा पोळी आणि भात, हे त्यांचं पक्कं. पहिल्यांदा वाटी नेली तेव्हा मला धाकधूक होती. त्यांच्या वाटीत नूडल्स कात्रीनं बारीक केल्या होत्या, चिकन हातानं सोडवलं होतं, मिरपूड कमी. त्यांनी दोन चमचे घेतले, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, ही तर अळणीच आहे. शेवया घातलेली."

दादा, त्या वाक्यानं माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं! आमच्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला, लहान पोरांना तिखट रश्श्याआधी हळद-मीठ-आलं-लसणात शिजवलेल्या चिकन-मटणाचं बिनतिखट पाणी, म्हणजे अळणी, देतात. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला लहानपणी तेच पाजून वाढवलं. मी रोज मनात म्हणत होते की घरचं जेवण सोडून मी कसलं तरी बाहेरचं करते आहे. आणि त्यांनी एका घोटात त्याला घरचं करून टाकलं. "पुढच्या वेळी चिमूटभर हळद घाल," एवढीच सूचना. तेव्हापासून आमच्या 'ते'मध्ये हळद असते. तुम्हाला विचित्र वाटेल, पण एकदा घालून बघा.

मुलांना हे इतकं आवडतं की मुलानं नूडल्सचा इतिहास शोधून काढला. जपानमध्ये 1958 साली मोमोफुकु आंदो यांनी जगातल्या पहिल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्याही चिकनच्याच चवीच्या होत्या, हे त्यानं आजीला पलंगावर बसून वाचून दाखवलं. आजी म्हणाली, त्या माणसाच्या घरीही कोणी आजारी असेल. आता मुलगा नऊला जागा असतो. साडेआठला मी घरात, नऊला ताटं. ताटावर बसून शाळेतलं सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या शाळेत काय घडलं हे मला अजूनही धड माहीत नाही.

नवऱ्यासाठी सूप आधीच वेगळं काढून ठेवते. उरलेल्या नूडल्स तासाभरात सगळं सूप पिऊन फुगतात, म्हणून तो आल्यावर त्याचं सूप उकळून मूठभर नूडल्स ताज्या घालते. ही युक्ती मात्र माझी आहे. तुम्ही मान हलवलीत तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं होतं.

आणि तो डबा. एप्रिलमध्ये सासूबाईंना पुन्हा ताप आला, दोन रात्री मी दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी दुकानात आले तर तुम्ही चिकनसोबत स्टीलचा डबा पुढे केलात. वहिनींनी मान आणि पाठीच्या हाडांचं सूप कुकरमध्ये मंद आचेवर करून, गाळून दिलं होतं. "नुसत्या नूडल्स टाका, बाकी काही करू नका." मी पैसे विचारले तर तुम्हाला राग आला. त्या रात्री आमच्या घरी बारा मिनिटांत जेवण झालं आणि मी मुलांच्या आधी झोपले. वहिनींना मी अजून पाहिलेलंही नाही. त्यांना हे पत्र नक्की वाचून दाखवा.

तुम्ही त्यानंतर दर रविवारी न विचारता ती हाडं पिशवीत घालता. मीही आता तसंच सूप करून फ्रीजरमध्ये ठेवते, बुधवारी तेच पातेल्यात जातं.

डबा इतके दिवस माझ्याकडेच राहिला, याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल, रिकामा डबा परत करायचा नसतो, आणि ज्यांनी तो भरून द्यायला हवा त्यांना उभं राहता येत नव्हतं. गेल्या आठवड्यापासून सासूबाई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येतात. काल ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि शेंगदाण्याचे लाडू वळले. मी हात लावायला गेले तर नको म्हणाल्या.

शुक्रवारी डबा घेऊन येते. सोळा लाडू आहेत, दुकानातल्या पोरालाही द्या. आणि माझं 400 ग्रॅम लेग बोनलेस बाजूला काढून ठेवा. यंदा श्रावणाआधीचं हे शेवटचंच.

तुमची,
सव्वाआठची ताई
धायरी, पुणे