निन्टेंडोच्या यंत्रावर इतरांची कोंडी

महोदय,

निन्टेंडोच्या कन्सोलवर बाहेरच्या कंपन्यांचे गेम फारसे चालत नाहीत, कारण लोक ते यंत्र मारिओ आणि झेल्डा या निन्टेंडोच्या स्वतःच्या गेमसाठीच घेतात, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. त्यामुळे सगळा दोष खेळणाऱ्यांच्या माथी जातो आणि यंत्र कोणाच्या सोयीने घडवले जाते, हा मुद्दा बाजूला पडतो.

१९९६ मध्ये निन्टेंडो ६४ हा कन्सोल आला. सोनी आणि सेगा सीडीकडे वळल्या होत्या, निन्टेंडोने मात्र कार्ट्रिज, म्हणजे गेमची चिप असलेली डबी, सोडली नाही. कार्ट्रिजवर गेम झटपट सुरू होतो, त्याची नक्कल करणेही अवघड. ‘सुपर मारिओ ६४’ तर अवघ्या ८ एमबीत मावला. पण स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी ७’ला तीन सीडी लागल्या! मालिकेतले आधीचे सहाही मुख्य भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर आले होते. सातवा १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर गेला. शिवाय कार्ट्रिज महाग, आणि ती निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची. गेम पडला की उरलेला माल प्रकाशकाच्या गळ्यात. एवढा धोका किती जण पत्करणार?

२०१२ च्या वी यू या निन्टेंडोच्या कन्सोलच्या वेळी तेच झाले. कंट्रोलरमध्येच पडदा ही कल्पना निन्टेंडोची. इतरांना एका यंत्रासाठी गेमची वेगळी मांडणी करावी लागे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने त्या पडद्यासाठी ‘झोम्बीयू’ मनापासून घडवला, पण त्यात नफा झाला नाही. मग त्याच कंपनीचा, फक्त वी यूसाठी ठरलेला ‘रेमन लेजेंड्स’ २०१३ मध्ये ऐन प्रकाशनाच्या तोंडावर पुढे ढकलून इतर कन्सोलवरही आणला गेला. वाट पाहत बसलेल्या वी यूवाल्यांचा त्यात काय अपराध होता?

खेळणाऱ्यांना बाहेरचे गेम नको असतात, हे मला मुळीच पटत नाही. ‘हॉलो नाइट’ या तीन-चार जणांनी केलेल्या गेमच्या निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर पहिल्या दोन आठवड्यांत अडीच लाख प्रती खपल्या. यंत्राच्या ताकदीत बसणारा, हातात घेऊन कुठेही खेळता येणारा चांगला गेम लोक घेतातच.

आता स्विच २ वर बाहेरच्या अनेक प्रकाशकांनी ‘गेम-की कार्ड’ निवडले आहे. डबीत कार्ड मिळते, पण गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. निन्टेंडोचा स्वतःचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ मात्र पूर्णपणे कार्डवर येतो. पुढचे यंत्र आखताना साठवणुकीचा खर्च आणि क्षमता निन्टेंडोने बाहेरच्या विकासकांना विचारून ठरवावी, निर्णय झाल्यावर नुसते कळवू नये.

– एक वाचक, ठाणे