वकिलीच्या सनदेला (परवान्याला) धक्का न लागता उपचार मिळावेत : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या वकिलांमधले दारूचे आणि झोपेच्या गोळ्यांचे व्यसन, आणि त्याच्या मागेपुढे असणारे नैराश्य, यावर मी, इथलीच एक वकील, आपल्याला लिहीत आहे. आरोग्य खाते आपल्याकडे आहे, जिल्ह्याचे पालकत्वही आपल्याकडे आहे. म्हणून वकिलांना सनद देणाऱ्या आणि त्यांची शिस्त पाहणाऱ्या बार कौन्सिलच्या आधी आपल्याकडे आले.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे पीठ, इथे सुरू झाले. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चार दशकांहून जास्त काळ लढा दिला. पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याचबरोबर आमचा दिवसही लांबला. सकाळी कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयाचा बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी), दुपारी भाऊसिंगजी रोडवर बेंचची धावपळ, संध्याकाळी ऑफिसात पक्षकार आणि रात्री उद्याच्या उलटतपासाची तयारी. समोर बसलेला माणूस वाटणी, घटस्फोट, अपघात, कधी पोराचा खून घेऊन आलेला असतो. ते ऐकून घ्यायचे, कागदावर उतरवायचे आणि रात्री शांत झोपायचे, हे आम्हाला लॉ कॉलेजात कुणी शिकवलेले नाही.

मग आपापला उपाय शोधला जातो. निकाल लागला की जेवण, जामीन झाला की जेवण, आणि हरलो तरी कुणीतरी ‘चला, बसूया’ म्हणतोच. नवखा ज्युनिअर नको म्हणाला तर एकटा पडतो, आणि ज्या सिनिअरकडून काम मिळते त्याच्यासमोर नको म्हणणे सोपे नसते. ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. घरून पैसे मागवून खोलीचे भाडे भरणाऱ्या पोराच्या डोक्यात रात्री काय चालते, हे त्याच्या आईलाही कळत नाही.

झळ पक्षकारालाही बसते. दिवाणी दाव्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. वकिलाची तब्येत त्याच महिन्यात ढासळली तर मुदत जाते आणि मागाहून विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. त्यात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिले जाते, किंवा कावीळ, किंवा साखर वाढली. खरा आजार कधीच लिहिला जात नाही. तो न्यायालयाला माहीत असतो, समोरच्या वकिलाला माहीत असतो, कारकुनाला तर सगळ्यांत आधी. सगळे मिळून झाकतात, आणि ती माणुसकी समजली जाते. मला ती माणुसकी वाटत नाही. झाकलेल्या वर्षांत यकृत जाते, घर मोडते, आणि एखाद्या शेतकऱ्याची जमीनही हातची जाते.

साहेब, माणूस उपचाराला का जात नाही? त्याला दारे दोनच दिसतात. एक ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ चे, म्हणजे तक्रार, शिस्तभंग समिती आणि सनदेवर टांगती तलवार. दुसरे सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे. सीपीआर आणि सर्किट बेंच अगदी समोरासमोर आहेत. तिथल्या रांगेत आपलाच पक्षकार केसपेपर घेऊन उभा असण्याची भीती कुणालाही वाटेल. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येते हे मला ठाऊक आहे. ते खातेही आपल्याच जिल्ह्याच्या मंत्र्यांकडे आहे, त्यामुळे दोघांनी एकत्र बसणे अवघड नसावे.

मग लोक घरीच सोडायला बघतात, तेही मे महिन्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा कोर्ट बंद असते. हे सगळ्यांत धोक्याचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. घरच्यांना वाटते करणी झाली. वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या अचानक बंद केल्या तरी असेच होऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच काम सुरक्षितपणे होते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचे आढळले. हा आकडा सगळ्या देशाचा आहे.

वकिलांची वेगळी मोजणी अमेरिकेत झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२,८०० वकिलांपैकी २०.६ टक्के जणांचे पिणे घातक पातळीवरचे निघाले आणि २८ टक्के जणांत नैराश्याची लक्षणे होती. ते आकडे आपल्यावर लादता येणार नाहीत. तिथली व्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. तिथे वकिलांसाठी स्वतंत्र साहाय्य केंद्रे चालतात, आणि मदत मागायला आलेल्याची माहिती शिस्तभंगाच्या यंत्रणेकडे जात नाही. सगळा विश्वास या एका अटीवर उभा आहे.

आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून आलेले मानसिक विकार स्पष्टपणे धरले आहेत. कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा हक्क केला, कलम २३ ने गोपनीयता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या आणि सनद घेतलेल्यांसाठी कुणी काही लिहिलेले नाही.

म्हणून माझे मागणे असे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून कोल्हापुरात संध्याकाळी सहानंतर चालणारे एक समुपदेशन केंद्र सुरू करावे. ते भाऊसिंगजी रोडपासून आणि बावड्यापासून लांब असावे, दारावर व्यसनमुक्तीची पाटी नसावी, आणि वकिलांसोबत कारकून, स्टेनो, न्यायालयीन कर्मचारी यांनाही ते खुले असावे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्या खात्याच्या एखाद्या रुग्णालयात, शक्यतो शेजारच्या जिल्ह्यात, काही खाटा यासाठी राखून ठेवाव्यात. आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलसोबत लेखी करार करावा, की स्वतःहून उपचाराला आलेल्याची नोंद शिस्तभंगाच्या कुठल्याही कामात वापरली जाणार नाही. पैशांपेक्षा हा करार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर केंद्रात कुणी फिरकणार नाही.

दाखल झालेल्या वकिलाच्या तारखा कोण सांभाळणार, हा प्रश्न आम्ही बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, सोडवायचा आहे. प्रत्येक तालुक्यात चार-पाच विश्वासू वकिलांचा गट ठरवून ते जमेल. सर्किट बेंचसाठी कामकाज बंद ठेवून सहा जिल्हे एकत्र येऊ शकले, तर एका सहकाऱ्याच्या महिनाभराच्या तारखा सांभाळणे आमच्या आवाक्यातले आहे.

तोवर ज्यांना आजच बोलायचे आहे त्यांच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आहेत. दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत. ते जिल्ह्यातल्या प्रत्येक बार रूममध्ये आणि स्वच्छतागृहाच्या दारामागे लावण्याचे पत्र आपल्या कार्यालयातून याच आठवड्यात निघू शकते.

उन्हाळी सुट्टीआधी एका संध्याकाळी आपण, वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि बार कौन्सिलचे प्रतिनिधी यांची बैठक लावावी. कराराचा मसुदा मी तयार करून आणते.

माझे नाव सोबतच्या पत्राने आपल्या कार्यालयाला कळवले आहे. इथे ते छापले तर माझ्यामुळे इतर काही घरे ओळखली जातील.

आपली नम्र,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक वकील
कसबा बावडा, कोल्हापूर