पक्या, ती एक्सेल शीट आधी डिलीट कर

प्रिय पक्या,

तुझी जपान ट्रिपची शीट उघडली आणि आधी हसलोच. नऊ दिवसांत सात शहरं! काका-काकूंना जपान दाखवायचंय का त्यांच्याकडून पोलीस भरतीची तयारी करून घ्यायचीये? मी हे बोलू शकतो कारण 2024 ला आईला घेऊन गेलो तेव्हा अशीच शीट मीपण केली होती, रंगबिरंगी, तासातासाची, आणि तिसऱ्या दिवशी आई हॉटेलच्या बेडवर पाय वर करून म्हणाली, तू जा बाबा फिरायला, मी इथून टोकियो बघते.

अरे तिथे ट्रेनने फिरायचं म्हणजे मुळात चालायचं. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत, चुकीच्या दारातून बाहेर पडलास की वीस मिनिटांचा वळसा गेलाच. मॅपवर एक्झिट नंबर येतो तो आधी बघ आणि मगच चालायला लाग, मी उलटं करायचो आणि आई मागून फक्त "अजून किती?" एवढंच विचारायची. म्हणून माझं ऐक, टोकियो आणि क्योटो दोनच मुक्काम ठेव, नारा क्योटोवरून एका दिवसात होतं. हिरोशिमा मनात असेल तर वेगळा दिवस काढ, ते घाईत बघायचं ठिकाण नाहीये. बाकीची शहरं तुझ्या हनीमूनला (झालं तर).

साकुराचं, म्हणजे चेरीच्या बहराचं म्हणशील तर तो तुझ्या सुट्टीच्या अर्जावर फुलत नाही. आम्ही मार्चच्या शेवटी पोचलो तर टोकियोत झाडं बोडकी, त्या वर्षी फुलायलाच 29 मार्च उजाडला आणि पूर्ण बहर 4 एप्रिलला. आई रोज एका झाडाखाली जाऊन कळ्या मोजून यायची. आम्हाला शेवटी क्योटोत मिळाला बहर, पण तो नशिबाचा भाग, तिकीट काढताना चारपाच दिवस इकडेतिकडे धर. आणि एप्रिल संपतासंपता जायचं डोक्यात असेल तर नकोच, तेव्हा त्यांची गोल्डन वीकची सुट्टी असते, सगळा देश रस्त्यावर.

तो रेल्वे पास शीटमधून काढ. ऑक्टोबर 2023 ला सात दिवसांचा पास 50,000 येन झाला आणि टोकियो-क्योटो शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट साधारण 14,000 च्या आसपास पडतं, मग तूच हिशेब कर. जाताना उजवीकडची E सीट घे, हवा साफ असेल तर पाऊण तासाने फुजी पर्वत दिसतो. आई नेमकी तेव्हा झोपली होती, मी उठवलं नाही, त्यावरून अजून ऐकवते.

काकूंची ती मरून रंगाची ट्रंकवजा बॅग शिंकानसेनमध्ये नेऊ नकोस. लांबी रुंदी उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली की जागेचं वेगळं बुकिंग लागतं. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवर ताक्युबिन म्हण, म्हणजे बॅगेचं कुरिअर, बॅग पुढच्या हॉटेलवर बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. दोनतीन हजार येन जातात पण ते पैसे आपल्या कमरेवर खर्च झाले असं समज.

आता खाणं, आणि हे नीट वाच कारण काकू शुद्ध शाकाहारी. तिथे "नो मीट नो फिश" म्हटलं की मान डोलावतात, पण मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही असं नसतं, कारण सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे बऱ्याचदा वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. मिसो सूपमध्ये ते, उडोन म्हणजे त्या जाड नूडल्सच्या रश्शात ते. मला हे कळलं चौथ्या दिवशी, आणि तोवर आईने तीन दिवस उडोन खाऊन झालं होतं, वर कौतुक की यांच्या पाण्यालाच चव आहे. पक्या, मी तिला अजून सांगितलेलं नाहीये. तूही बोलू नकोस, गणपतीत घरी येशील तेव्हा तर अजिबात नाही.

तुझ्यासाठी उपाय : मेतकूट, लोणचं, कोरड्या चटण्या घेऊन जा. कोंबिनीत, म्हणजे गल्लोगल्ली असतात त्या दुकानांत, पांढऱ्या भाताची पाकिटं मिळतात, मेतकूट-भातावर काका आठवडा काढतील. उमेबोशीवाला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, तो पण बघ, आत खारट-आंबट फळ असतं, आईला एकदम आवळ्याच्या लोणच्याची आठवण झाली. फक्त पाकिटावरचा मजकूर फोनने भाषांतर करून वाच, तिथेही दाशी घुसते. आणि कचऱ्यासाठी एक पिशवी बॅगेत ठेव, रस्त्यात डबा सापडत नाही, ओनिगिरीचा कागद मी दिवसभर खिशात बाळगायचो.

काकूंना नक्की कुठे न्यायचं माहितीये? टोकियोत असाकुसाच्या सेन्सोजी देवळात सगळेच जातात, तिथून दहाएक मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच! आणि नैवेद्य काय तर मुळा, अख्खा पांढरा मुळा. मूर्ती मात्र बंद, दर्शन देत नाहीत. आई आधी चिडली, एवढं चालवलंस आणि देव दिसणारच नाही? मग मुळा वाहिला, हात जोडले आणि मला हळूच म्हणाली, याला मोदकाचं कोणी सांगितलं नाही का रे. गंमत म्हणजे क्योटोत कांगिदान नावाची तळलेली मिठाई मिळते, आत गोड सारण, ती मोदकाचीच लांबची नातेवाईक.

नाराची हरणं मान वाकवून बिस्किट मागतात पण लाडात येऊ नकोस, आईच्या ओढणीचं टोक एकीने चघळून ठेवलं. तिथल्या तोदाइजी देवळात बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे, तिचे डोळे उघडायचा विधी 752 मध्ये भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला होता. हे सांगितल्यावर आई तिथे अशी उभी राहिली जशी काही माहेरच्या कोणी देऊळ बांधलंय.

एक राहिलं, रात्री बाराच्या सुमारास ट्रेन बंद होतात. मी एकदा चुकलो आणि टॅक्सीच्या मीटरकडे बघत बघत हॉटेल गाठलं, टॅक्सीचं दार आपोआप उघडतं त्याचंही कौतुक वाटलं नाही.

माझं आणि आईचं अशी दोन सुइका कार्डं, म्हणजे ट्रेनची रिचार्जवाली कार्डं, ड्रॉवरमध्ये पडलीत, थोडे पैसे आहेत त्यात, शेवटचं वापरल्यापासून दहा वर्षं चालतात. रविवारी येऊन घेऊन जा, येताना नवीन शीट आण, आणि आईने उडोनचा विषय काढला तर तू फक्त पोहे खा.

तुझाच,
नंद्या