आई, आधी वही. मशीनचं नंतर बघू

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईच्या लघवीच्या त्रासाचा विषय निघाला की आई "हो हो, बघू" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते. बाबा लगेच पावसापाण्यावर येतात. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी बसून वाचा. आई, एकटीने वाचून देव्हाऱ्याच्या खणात ठेवून द्यायचं नाही.

वहिनीने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. भजनी मंडळ गुडघ्यांमुळे सुटलेलं नाही. लग्नात तू दाराजवळच्या खुर्चीवर बसतेस, पिशवीत जादा साडी ठेवतेस, बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीस. अचानक घाई होते, कळ येते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात. डॉक्टरांनी "वय झालं की व्हायचंच" म्हणून परत पाठवलं आणि तूही ते खरं मानलंस. वयामुळे त्रास वाढतो हे खरं, पण त्यावर इलाज नाही हे साफ चुकीचं आहे. आणि पाणी तोडणं तर उलटंच पडतं. लघवी गडद होते, मूत्राशयाला जास्त टोचते, पोट साफ होत नाही आणि घाई आणखी वाढते.

मागच्या आठवड्यात मी इथल्या एका युरॉलॉजिस्ट बाईंना भेटून आले. त्यांनी आधी एकच विचारलं: खोकताना-शिंकताना, वजन उचलताना गळते, की आधी जोराची घाई होते आणि मग गळते? पहिल्या प्रकारात ओटीपोटाखालचे स्नायू आणि आधार ढिला झालेला असतो. दुसऱ्यात मूत्राशय भरलेलं नसतानाच आकसायला लागतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. मी आता ज्या मशीनबद्दल लिहिणार आहे ती फक्त दुसऱ्या प्रकारासाठी आहे, म्हणून तुझं नेमकं काय होतं ते आधी कळायला हवं.

आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला विजेवरचा इलाज म्हटल्यावर झोप येणार नाही हे मला माहीत आहे.

मूत्राशयाचा कारभार कमरेखालच्या चपट्या त्रिकोणी हाडातून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातून, बाहेर पडणाऱ्या नसा बघतात. त्या हाडाला दोन्ही बाजूंनी भोकांच्या जोड्या असतात. तिसऱ्या जोडीतल्या एका भोकातून बारीक तार नसेजवळ सरकवतात. तारेच्या टोकाला चार इलेक्ट्रोड असतात. तिचं दुसरं टोक कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली बसवलेल्या छोट्या पल्स जनरेटरला जोडलेलं असतं. सेकंदाला साधारण १४ पल्स, आणि दाब बहुतेकांना एक-दोन व्होल्टच्या आसपास. म्हणजे आपल्या घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झशी त्याचं काही नातं नाही. अर्थिंग कुठे करायचं हा प्रश्न डॉक्टरांना विचारू नका. ही वीज मूत्राशयाला धक्का देऊन आवळत नाही. मूत्राशयाकडून मेंदूकडे जाणारे जे चुकीचे निरोप असतात, ते ती शांत करते. तुमच्या भाषेत, फॉल्ट नसताना रिले ट्रिप होतो, त्या रिलेचं सेटिंग बदलायचं.

तार बरोबर जागी गेली हे कसं ओळखतात माहीत आहे? पायाचा अंगठा खाली वाकतो आणि बसायच्या जागेचे स्नायू आत ओढले जातात. मला हे ऐकून हसूच आलं.

ही काही काल-परवाची टूम नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. टनाघो आणि डॉ. श्मिट यांनी १९८० च्या दशकात या नसांवर काम केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घाईने होणाऱ्या गळतीसाठी १९९७ मध्ये त्याला मान्यता दिली. पुढे हे मशीन आधीपासून बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीच्या जोडीला ॲक्सॉनिक्ससारख्या कंपन्या आल्या आणि अमेरिकेत २०१९ पासून चार्ज होणारी मॉडेलंही निघाली. त्यांतलं एक तर ३ घन सेंटिमीटरहूनही लहान आहे. चार्ज होणारं मशीन १५ वर्षं चालावं असा हिशेब असतो. न चार्ज होणारी जुनी मॉडेलं साधारण ५ वर्षांत बदलावी लागत, नवी त्याहून बरीच जास्त टिकतात. मात्र बॅटरी संपली की छोटं ऑपरेशन पुन्हा आलंच.

आई, मला यातलं सगळ्यात पटलेलं काय सांगू? आधी ट्रायल घेता येते. पहिल्या टप्प्यात फक्त तार घालतात आणि मशीन कमरेच्या पट्ट्यावर, बाहेर ठेवतात. काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, घरी राहायचं, नेहमीची कामं करायची आणि वहीत लिहायचं. त्रास निम्म्यानेतरी कमी झाला तरच आत मशीन बसवतात, नाहीतर तार काढून टाकतात आणि विषय संपला. गुडघा बदलताना "बघू, नाही जमला तर जुना परत लावू" असं कुणी म्हणत नाही. इथे म्हणता येतं.

तरी मी आत्ताच मशीन बसवून घे असं म्हणत नाहीये. एक तर खर्च काही लाखांत जातो, आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर आल्याशिवाय त्यात पडायचं नाही. दुसरं म्हणजे कोरडंठाक होण्याची हमी कुणी देत नाही. जखमेत संसर्ग होऊ शकतो, तार सरकू शकते, मशीनच्या जागी दुखू शकतं आणि पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. आणि तुझ्या गुडघ्यांना तो फिजिओथेरपीवाला मुलगा डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींचा, शेक देतो ना? मशीन बसवल्यावर तो शेक कायमचा बंद. त्या लहरींनी तार तापून नसेला इजा होते. एमआरआय करायचा झाला तरी मशीनचं मॉडेल कुठलं ते आधी सांगावं लागतं. जुन्या मॉडेलांत फक्त डोक्याचा करता यायचा, नव्यांत अटी पाळून सगळ्या अंगाचा चालतो.

त्याआधी बरंच काही करून बघायचं असतं. लघवीची तपासणी, साखर, आणि "अंग बाहेर" आलंय का तेही. हे शेवटचं तू कुणालाही सांगणार नाहीस, म्हणून मीच लिहितेय. मग ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम, पण नीट शिकवणाऱ्या बाईंकडून, मोबाइलवर बघून नाही, आणि किमान तीन महिने. मूत्राशयाला हळूहळू सवय लावायची, घाई आली की लगेच न धावता थोडं थांबायचं. मग गोळ्या. त्यांतल्या काही जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि तुझ्या वयात विसरायलाही होतं. दुसऱ्या एका गोळीने बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा तुझ्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. घोट्याजवळ बारीक सुई टोचून अर्धा तास सौम्य विजेचे पल्स देण्याचाही एक उपचार आहे. तो आठवड्याला एकदा, असे १२ आठवडे. तोवर माझ्याकडे राहायचं, दर आठवड्याला एसटीने हेलपाटे घालायचे नाहीत. हेच काम करणारं, घोट्याजवळ कातडीखाली बसवायचं नाण्याएवढं मशीन अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालंय, पण त्याच्या भरवशावर आपण थांबायला नको.

गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं हाही पर्याय असतो. २०१६ मध्ये अमेरिकेत बोटॉक्स आणि हे मशीन यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास छापून आला. दिवसातून जितक्या वेळा गळायची, त्यातल्या सरासरी ३.९ वेळा बोटॉक्सने कमी झाल्या आणि ३.३ वेळा मशीनने. पण लघवीचा संसर्ग बोटॉक्स घेतलेल्या ३५ टक्के बायकांना झाला, मशीनवाल्या ११ टक्क्यांना. शिवाय बोटॉक्सचा असर उतरला की काही महिन्यांनी पुन्हा टोचायचं. माझं मत मशीनकडे झुकतं, पण शरीर तुझं आहे. तू "नको" म्हणालीस तर मी पुन्हा पुन्हा मागे लागणार नाही.

आता काम. तीन दिवसांची वही करायची: किती वाजता गेलीस, मापाच्या भांड्यात किती मिली आली, घाई होती का, कपडे ओले झाले का, पाणी-चहा किती. बाबांनी सबस्टेशनच्या लॉगबुकसारखे रकाने आखून द्यायचे. भरायचं मात्र आईने, आणि बाबांनी त्यात डोकावायचं नाही. लघवीत रक्त दिसलं किंवा जळजळ आणि ताप आला तर तीन दिवस थांबू नका, मला त्याच दिवशी फोन करा. रात्री मागच्या मोरीत जाताना दिवा लावत जा, बिल मी भरीन.

मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची वेळ घेतली आहे. येताना ती वही, सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणि सोनोग्राफीचे जुने कागद आणा. आणि बाबा, तुमचंही नाव त्याच दिवशी लावलंय. रात्री तीन-तीनदा उठता ही बातमीही वहिनीचीच आहे. तुमच्या वयाच्या पुरुषांत प्रोस्टेट आधी बघतात, त्याला हे विजेचं मशीन चालत नाही, त्यामुळे त्याच्यावर हक्क सांगू नका.

तुमची,
धाकटी